नेट झिरोची घोषणा, बसचा हिशेब आणि संसदीय समिती: नागरिकाने छाननीत सहभागी कसं व्हायचं

भारताने 2070 पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढाच शोषला जाईल अशी स्थिती, गाठण्याचं वचन नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिलं. पुढच्या वर्षी 2030 सालची उद्दिष्टं वाढवली, दीर्घकालीन धोरणाचा दस्तऐवज संयुक्त राष्ट्रांकडे सादर केला. वाहतुकीसाठी फेम, पीएम ई-ड्राइव्ह, पीएम ई-बस सेवा अशा विजेवरच्या वाहनांना सरकारी पैसा देणाऱ्या योजना आल्या. प्रत्येक योजनेला रक्कम आहे, मुदत आहे, बसगाड्यांचा आणि चार्जरचा आकडा आहे. त्या आकड्याचं पुढे काय झालं, हे मंत्रालयाच्या सचिवांना समोर बसवून बंद दाराआड तासन् तास विचारणारी एक जागा आपल्या लोकशाहीत आहे. ती म्हणजे संसदेच्या विभागवार स्थायी समित्या.

सभागृहात गोंधळ झाला की बातमी होते. समितीने शंभर पानांचा अहवाल दिला तर फार तर चार ओळी छापून येतात. पण त्या शंभर पानांत मंत्रालयाने लेखी कबूल केलेल्या गोष्टी असतात, आणि समितीच्या कामात सामान्य नागरिक, प्रवासी संघटना, प्राध्यापक, बसचालकांची युनियन यांना निवेदन देऊन भाग घेता येतो. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे, म्हणून हा सगळा मार्ग इथे क्रमाने मांडतो.

आधी समितीचे अधिकार समजून घ्या

विभागवार स्थायी समित्या 1993 साली सुरू झाल्या. तेव्हा त्या 17 होत्या, 2004 पासून 24 आहेत. प्रत्येकीत जास्तीत जास्त 31 सदस्य असतात: 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत. मुदत एका वर्षाची. 24 पैकी 16 समित्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत आणि 8 राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत येतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण पत्र कोणत्या सचिवालयाला पाठवायचं ते त्यावरून ठरतं.

समितीची कामं चार: मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या (म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमा) तपासणं, सोपवलेली विधेयकं तपासणं, वार्षिक अहवाल पाहणं आणि दीर्घकालीन धोरणाच्या दस्तऐवजांचा विचार करणं. मंत्रालयाच्या रोजच्या कारभारात मात्र समितीने पडायचं नाही, असं नियमच सांगतो. त्यामुळे 'आमच्या चौकातला चार्जर तीन महिने बंद आहे' ही तक्रार समितीकडे चालत नाही. 'सार्वजनिक चार्जर बंद किती काळ राहतात याची नोंद मंत्रालय ठेवतं का आणि अनुदान देताना ती पाहिली जाते का' हा प्रश्न चालतो. तक्रार तीच, पण आता ती धोरणाच्या भाषेत आली.

आणखी दोन मर्यादा आहेत. अनुदानाच्या मागण्यांवरच्या अहवालात समिती कपातसूचनेसारखं काही सुचवू शकत नाही, म्हणून 'या योजनेचे पैसे कापा' अशी मागणी करू नका. आलेला पैसा कुठे अडकला ते दाखवा. दुसरं, शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. नियमांत त्यांना विचारपूर्वक दिलेल्या सल्ल्याचं स्थान आहे. पण त्यामुळे अहवाल कुचकामी ठरत नाही. प्रत्येक शिफारशीवर काय केलं याचं लेखी उत्तर मंत्रालयाला द्यावं लागतं, आणि माझ्या मते खरी छाननी त्या उत्तरापासूनच सुरू होते.

पहिली पायरी: आपला प्रश्न कोणत्या समितीच्या दारात आहे ते शोधा

बहुतेक निवेदनं इथेच चुकतात. 'वाहतूक' म्हटलं की लोक परिवहन, पर्यटन आणि संस्कृती समितीला लिहितात. ही राज्यसभेची समिती आहे आणि तिच्याकडे रस्ते वाहतूक व महामार्ग, नागरी विमान वाहतूक, बंदरं व जलमार्ग ही मंत्रालयं आहेत. जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण, महामार्ग, मोटार वाहन कायदा हे विषय तिचेच. पण विजेवरच्या गाड्यांचं अनुदान अवजड उद्योग मंत्रालय देतं आणि ते येतं उद्योग समितीकडे, तीही राज्यसभेची. शहरांतल्या बस आणि मेट्रो गृहनिर्माण व शहरी व्यवहार समितीकडे, रेल्वे स्वतंत्र रेल्वे समितीकडे. चार्जिंगसाठी लागणारी वीज, वाहनांच्या इंधन-कार्यक्षमतेचे निकष आणि कार्बन बाजाराचा (उत्सर्जन घटवल्याची प्रमाणपत्रं विकत घेण्या-देण्याचा) कायदा ऊर्जा समितीकडे. इथेनॉल आणि सीएनजी पेट्रोलियम व नैसर्गिक वायू समितीकडे. या चारही समित्या लोकसभेच्या. नेट झिरोची आंतरराष्ट्रीय वचनं मात्र पर्यावरण मंत्रालयाची, म्हणून ती विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल समितीकडे. ती पुन्हा राज्यसभेची.

एकच विजेवरची बस घ्या. ती पीएम ई-ड्राइव्हमधून आली असेल तर तिचा हिशेब उद्योग समिती मागणार. पीएम ई-बस सेवेतून आली असेल तर शहरी व्यवहार समिती. तिला लागणारी वीज कोळशावर तयार होते की सूर्यावर, हे ऊर्जा समिती विचारणार. आणि ती बस आल्याने देशाचं उत्सर्जन किती घटलं हा प्रश्न पर्यावरण समितीचा. चारही समित्या आपापला तुकडा नीट तपासतील आणि तरी 'या सगळ्याने नेट झिरो किती जवळ आलं?' हा प्रश्न कुणीच विचारणार नाही, असं होऊ शकतं. नागरिकाच्या निवेदनाला खरं मोल इथे आहे. खात्यांच्या भिंती समित्यांना आहेत, तुम्हाला नाहीत. एका समितीसमोर दुसऱ्या समितीच्या अहवालातला आकडा ठेवणं तुम्हाला सहज जमतं.

समितीचे सदस्य आणि त्या वर्षासाठी निवडलेले विषय संसद डॉट इन या संकेतस्थळावर मिळतात. समिती नव्याने बनली की, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर, विषयांची यादी पाहा. महाराष्ट्रातले सदस्य कोण आहेत तेही पाहा. सप्टेंबर 2024 मध्ये समित्या बनल्या तेव्हा ऊर्जा समितीचं अध्यक्षपद मावळचे खासदार श्रीरंग बारणे यांच्याकडे आणि पेट्रोलियम समितीचं रायगडचे सुनील तटकरे यांच्याकडे आलं. आपल्या भागातला खासदार समितीवर असला तर त्यांच्या कार्यालयात मराठीत बोलून विषय समजावता येतो, आणि बैठकीत प्रश्न विचारणारा माणूस तोच असतो.

दुसरी पायरी: जुना अहवाल आणि त्याचं उत्तर, दोन्ही वाचा

नवं काही लिहिण्याआधी त्या विषयावर समितीने आधी काय म्हटलंय ते वाचा. अहवाल दोन प्रकारचे असतात. एक मूळ अहवाल, ज्यात मंत्रालयाची उत्तरं आणि समितीची निरीक्षणं असतात. दुसरा कार्यवाही अहवाल, ज्याला सगळे 'अॅक्शन टेकन रिपोर्ट' म्हणतात. मूळ अहवालानंतर मंत्रालयाने तीन महिन्यांत उत्तरं द्यायची असतात, ती तपासून समिती हा दुसरा अहवाल तयार करते.

कार्यवाही अहवालाचा साचा ठरलेला आहे. पहिल्या प्रकरणात समितीचं भाष्य. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचं उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात ज्यांचं उत्तर समितीला पटलं नाही अशा. पाचव्यात ज्यांची उत्तरं अजून आलेली नाहीत किंवा तात्पुरती आली आहेत अशा.

वेळ कमी असेल तर थेट चौथं आणि पाचवं प्रकरण उघडा. चौथ्यात समिती आणि मंत्रालय यांचं नेमकं कुठे फाटलंय ते कळतं. पाचव्यात 'प्रकरण विचाराधीन आहे' अशा उत्तरांचा ढीग असतो. दुसऱ्या प्रकरणावरही डोळे झाकून विश्वास नको. तिथे 'शिफारशीची नोंद घेतली' असं उत्तरही कधी कधी मान्य शिफारशींत जमा झालेलं दिसतं. नोंद घेणं आणि तारखेसह काम करणं यांत किती अंतर आहे ते तुम्ही ओळखता.

एक खरं उदाहरण घेऊ. फेमचा दुसरा टप्पा 1 एप्रिल 2019 ला 10,000 कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाला. पुढे ती 11,500 कोटी झाली. जून 2023 मध्ये दुचाकींचं अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या प्रति किलोवॉट-तास 15,000 रुपयांवरून 10,000 वर आणलं आणि किमतीच्या 40 टक्क्यांची कमाल मर्यादा 15 टक्के केली. डिसेंबर 2023 मध्ये उद्योग समितीने विजेच्या व हायब्रिड वाहनांवरच्या अहवालात सुचवलं की योजना किमान तीन वर्षं वाढवा, दुचाकींचं अनुदान पूर्ववत करा आणि खासगी चारचाकींनाही त्यात घ्या.

मग काय झालं? फेमचा दुसरा टप्पा 31 मार्च 2024 ला संपला. त्यानंतर दुचाकी-तीनचाकींपुरती एक अल्पमुदतीची योजना आली, आधी 500 कोटींची, नंतर 778 कोटींपर्यंत वाढवलेली. तीत दुचाकीचं अनुदान प्रति किलोवॉट-तास 5,000 रुपये, म्हणजे समितीने मागितलेल्याच्या उलट दिशेने. 1 ऑक्टोबर 2024 पासून 10,900 कोटींची पीएम ई-ड्राइव्ह आली. तीत बस, ट्रक, रुग्णवाहिका, चार्जर यांना जागा मिळाली, खासगी मोटारींना नाही. तीन शिफारशी, तिन्हींचा शेवट वेगळा. खासगी मोटारींना सरकारी पैसा न देण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. तोच पैसा बसला मिळाला तर जास्त माणसांच्या उपयोगी पडतो. तुमचं मत वेगळं असू शकतं. पण शिफारस, मंत्रालयाचं उत्तर आणि प्रत्यक्ष निर्णय असे तीन रकाने कागदावर शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मत बनवू नका. निवेदनाचा पाया हाच तक्ता असतो.

तिसरी पायरी: अर्थसंकल्पाचे तीन आकडे वेगळे ठेवा

दर वर्षी 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत, साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, समित्या आपापल्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात आणि मार्चमध्ये अहवाल देतात. वर्षातला हा सगळ्यात धावपळीचा काळ असतो.

खर्चाच्या अर्थसंकल्पात प्रत्येक योजनेपुढे तीन प्रकारचे आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेली रक्कम, सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष सरत आलं असताना दुरुस्त केलेली, आणि प्रत्यक्ष खर्च, जो आणखी उशिरा कळतो. फेमसाठी 2023-24 मध्ये अर्थसंकल्पीय अंदाज सुमारे 5,172 कोटी होता, सुधारित अंदाज सुमारे 4,807 कोटी. हा फरक फार मोठा नाही. सुधारित आकडा मूळच्या निम्म्यावर येतो तेव्हा मात्र कान टवकारा. पैसा नव्हता, की पैसा होता पण निविदा निघाल्या नाहीत, की बस आल्या पण आगारात वीज नव्हती? या तीन कारणांवर तीन वेगळे उपाय आहेत. मंत्रालयाच्या उत्तरात मात्र ती बहुधा 'कार्यपद्धतीतील विलंब' या एका शब्दप्रयोगात गुंडाळलेली असतात.

चौथी पायरी: उद्दिष्टाचं मोजमाप तपासा

इथे जरा थांबून नीट पाहू, कारण नेट झिरोची सगळी छाननी मोजमापावर उभी आहे.

फेमच्या दुसऱ्या टप्प्यात सुरुवातीला 7,090 बसचं उद्दिष्ट होतं. पुढे 6,862 बस मंजूर झाल्या. 'मंजूर' हा शब्द मंत्रालयांना फार सोयीचा. मंजूर झालेली बस, कंत्राट दिलेली बस, आगारात पोहोचलेली बस, नोंदणी होऊन रस्त्यावर धावणारी बस, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चार्जरचंही तसंच. मार्च 2023 मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांच्या 7,432 जलद चार्जिंग केंद्रांसाठी 800 कोटी रुपये मंजूर झाले. तुमच्या निवेदनात अशा प्रत्येक आकड्यासाठी समितीला चार रकाने मागायला सांगा: मंजूर, उभारलेली, वीजजोडणी मिळालेली, आणि मागच्या महिन्यात किमान एक गाडी चार्ज केलेली. चौथा रकाना मंत्रालयाकडे नसेल, तर तोही एक निष्कर्षच आहे आणि समितीने तो लिहावा असं सुचवा.

आता कार्बनचा हिशेब. 'विजेची बस म्हणजे शून्य उत्सर्जन' हे वाक्य सरकारी जाहिरातीत खपतं, समितीपुढे खपता कामा नये. साधी बेरीज-वजाबाकी करू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार आपल्या ग्रिडमधल्या, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यातल्या, एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वातानुकूलित मोठी ई-बस किलोमीटरला 1.2 युनिट खाते असं धरलं तर किलोमीटरमागे 0.84 किलो. वहनातली आणि चार्जिंगमधली गळती धरली तर आणखी थोडं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो. वातानुकूलित डिझेल बस लिटरमागे अडीच किलोमीटर गेली तर 1.08 किलो, साधी, बिनएसीची डिझेल बस लिटरमागे चार किलोमीटर गेली तर सुमारे 0.68 किलो.

म्हणजे एसी डिझेलच्या जागी एसी ई-बस आली तर कार्बन आजच घटतो. साध्या लाल डब्याच्या जागी एसी ई-बस आली तर आजच्या ग्रिडवर तो थोडा वाढूही शकतो. शहरातला धूर मात्र दोन्ही वेळा थांबतो, आणि दम्याच्या रुग्णाला, वाहतूक पोलिसाला तो फरक पहिल्या दिवसापासून जाणवतो. कार्बनचा फायदा ग्रिडमध्ये सौर आणि पवन ऊर्जा वाढेल तसतसा वाढत जातो, शिवाय बसमध्ये बसलेल्या माणसांच्या संख्येवर अवलंबून असतो. ई-बस नकोत असा याचा अर्थ कुणी काढू नये. अर्थ एवढाच की मंत्रालय जेव्हा 'इतके लाख टन कार्बन वाचला' असं सांगेल, तेव्हा समितीने विचारायला हवं: ग्रिडचा कोणता आकडा घेतला? कोणत्या जुन्या बसशी तुलना केली? जुनी बस खरंच भंगारात गेली, की दुसऱ्या गावी धावायला लागली?

हीच कसोटी रेल्वेला लावा. रेल्वेने 2030 पर्यंत नेट झिरो होण्याचं ठरवलंय आणि ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळपास पूर्ण केलंय. पण डिझेल इंजिन जाऊन विजेचं आलं की उत्सर्जन रेल्वेच्या खात्यातून वीज केंद्राच्या खात्यात जातं. ते मिटायचं तर वीजही स्वच्छ हवी. याहून मोठा प्रश्न मालवाहतुकीतल्या वाट्याचा आहे. राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात 2030 पर्यंत मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा 45 टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट आहे; आजचा वाटा त्यापेक्षा बराच खाली आहे. ट्रकवरचा माल रुळांवर आणण्याने होणारी बचत लाखो दुचाकींना अनुदान देऊन होईल का, हे कुणीतरी आकडे मांडून तपासायला हवं. आणि हा प्रश्न रेल्वे समितीपुढेही मांडा, परिवहन समितीपुढेही. महामार्गांवरचा खर्च वाढवत नेताना त्याने मालवाहतुकीचा कल कुठे झुकतो, हे परिवहन समितीच विचारू शकते.

पाचवी पायरी: निवेदन लिहा

समिती एखादा विषय किंवा विधेयक हाती घेते तेव्हा अनेकदा वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळावर जाहिरात देऊन सूचना मागवते. मुदत बहुतेक वेळा पंधरा दिवसांची. निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत मागतात, छापील असेल तर दोन प्रतींत. जाहिरातीत दिलेल्या ईमेलवरही पाठवता येतं. मराठीत विचार करून मग हिंदीत उतरवलेलं निवेदन अडखळत लिहिलेल्या इंग्रजीपेक्षा कितीतरी चांगलं. प्रत्यक्ष साक्ष द्यायची तयारी असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहा. बोलवायचं की नाही हे समिती ठरवते.

पंधरा दिवसांत अभ्यास होत नाही. म्हणून विषयांची यादी पाहून तयारी आधी करून ठेवायची आणि जाहिरात आली की फक्त शेवटचा हात फिरवायचा. जाहिरात आलीच नाही तरी समितीने निवडलेल्या विषयावर सचिवालयाला पत्र पाठवा आणि प्रत ओळखीच्या सदस्याला द्या.

चार-पाच पानं पुरेत. पहिल्या पानावर तुम्ही कोण, विषयाशी तुमचा संबंध काय, आणि तुमच्या तीन मागण्या. समितीचे अधिकारी पन्नास निवेदनांचा गोषवारा करतात. पहिलं पान त्यांच्यासाठी असतं. पुढे प्रत्येक मुद्द्यासाठी परिच्छेदांना क्रमांक द्या, आकडा कोणत्या सरकारी कागदातला आहे ते तिथेच लिहा. आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी समितीने मंत्रालयाला विचारावा असा तयार प्रश्न ठेवा. नमुना असा:

'परिच्छेद 6. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत 14,028 ई-बससाठी 4,391 कोटी रुपयांची तरतूद आहे. मंत्रालयाने शहरनिहाय पुढील माहिती द्यावी ही विनंती: मंजूर बस, पोहोचलेल्या बस, आगाराला मिळालेली वीजजोडणी आणि तिची तारीख, प्रति किलोमीटर कंत्राटी दर, व त्या बदल्यात बाद झालेल्या डिझेल बसची संख्या. ज्या शहरांत वीजजोडणीला सहा महिन्यांहून अधिक लागले, तिथे विलंबाची जबाबदारी कोणत्या यंत्रणेची होती, हे समितीने अहवालात नमूद करावं.'

यात एकही विशेषण नाही. 'भोंगळ', 'निष्काळजी' असे शब्द लिहून मन हलकं होतं, पण समितीत सगळ्या पक्षांचे सदस्य असतात आणि अहवाल शक्यतो एकमताने होतो; कुणाला भिन्नमत नोंदवायचं असेल तर सोय आहे. सत्ताधारी सदस्यालाही आपलासा वाटेल असा प्रश्न लिहिला तरच तो अहवालात टिकतो.

तुमच्याजवळची माहिती कमी लेखू नका. कोल्हापूर किंवा सोलापूरचा प्रवासी संघ महिनाभर एका मार्गावर बसच्या वेळा टिपून देतो, तेव्हा ती माहिती मंत्रालयाजवळ नसते. नोंदीची पद्धत सांगा, तारखा द्या, आणि जे मोजलं नाही त्यावर दावा करू नका.

सहावी पायरी: गोपनीयता पाळा

इथे चूक महागात पडते. ब्रिटनच्या संसदीय समित्या आलेली लेखी निवेदनं संकेतस्थळावर छापतात आणि साक्षी थेट दाखवतात. त्यांचं पाहून आपल्याकडेही तसंच असेल असं समजू नका. आपल्या स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. दिलेलं निवेदन समितीच्या नोंदींचा भाग बनतं, गोपनीय मानलं जातं, आणि अहवाल सभागृहात सादर होण्याआधी ते किंवा साक्षीतला मजकूर फोडणं हा हक्कभंग ठरू शकतो. निवेदन व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, साक्षीला बोलावलं तर आत काय झालं ते बाहेर सांगू नका.

सार्वजनिक कागदपत्रांतले आकडे मात्र सार्वजनिकच आहेत. निवेदनाचा उल्लेख न करता त्यांवर लेख लिहायला, सभा घ्यायला तुम्ही मोकळे आहात.

सातवी पायरी: समितीला वळसा घालून गेलेल्या गोष्टी शोधा

सगळी विधेयकं समितीकडे जात नाहीत. पंधराव्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत सुमारे 16 टक्के. मोटार वाहन दुरुस्ती विधेयक 2016 साली आलं तेव्हा ते परिवहन समितीने तपासलं, पुढे राज्यसभेच्या निवड समितीनेही तपासलं. याउलट कार्बन बाजाराला कायद्याचा आधार देणारं ऊर्जा संवर्धन दुरुस्ती विधेयक 3 ऑगस्ट 2022 ला लोकसभेत मांडलं गेलं आणि 8 ऑगस्टला तिथे मंजूरही झालं. देशाच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या ऊर्जाव्यवहाराला स्पर्श करणाऱ्या कायद्याला लोकसभेत पाच दिवस पुरले, हे मला आजही अस्वस्थ करतं.

अशा वेळी दार पूर्ण बंद झालेलं नसतं. कायद्याखाली निघणाऱ्या नियमांचे मसुदे हरकतींसाठी प्रसिद्ध होतात, तिथे लिहा. पुढच्या अनुदान मागण्यांच्या वेळी त्या कायद्याच्या अंमलबजावणीचा मुद्दा समितीकडे न्या. लोकसभेची अंदाज समिती एखाद्या योजनेची मुळापासून तपासणी करू शकते. तिचे तीसही सदस्य लोकसभेचे असतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल आला तर लोकलेखा समिती आहेच.

राज्याचा विषय असेल तर दिल्लीला लिहून उपयोग नाही. एसटी, महाराष्ट्राचं विद्युत वाहन धोरण, द्रुतगती मार्गावरची टोलमाफी, हे सगळं राज्याच्या हाती आहे. विधिमंडळात प्रत्येक खात्याला अशी स्थायी समिती नाही, पण अंदाज समिती, लोकलेखा समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, आश्वासन समिती आणि विनंती अर्ज समिती आहेत. मंत्र्याने सभागृहात 'सहा महिन्यांत करू' म्हटलं असेल तर आश्वासन समितीचं दार ठोठावा. आणि तिथे मराठीत लिहिता येतं.

आठवी पायरी: अहवाल आल्यावर थांबू नका

अहवाल सादर झाल्याची तारीख टिपून ठेवा. तीन महिन्यांनी मंत्रालयाची उत्तरं समितीकडे गेली का ते पाहायचं. सहा महिन्यांच्या आत संबंधित मंत्र्याने शिफारशींच्या अंमलबजावणीबद्दल सभागृहात निवेदन करायचं असतं. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश 73-अ खाली ही पद्धत आहे, राज्यसभेतही तशीच सोय आहे. ही निवेदनं शेवटी छापील जोडपत्रासह सभापटलावर ठेवली जातात, बहुतेकदा कुणाच्याही नजरेस न पडता. ते जोडपत्र उतरवून घ्या आणि आपल्या तीन रकान्यांच्या तक्त्यात भरा.

उत्तर मोघम असेल तर खासदारांना प्रश्न तयार करून द्या. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि दिवसाचे प्रश्न चिठ्ठ्यांतून निवडले जातात, म्हणून एकच प्रश्न दोन-तीन खासदारांना द्या. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो तो, लागण्याची शक्यता कमी. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित असतात आणि 230 अतारांकित. आकडे हवे असतील तर अतारांकित प्रश्नच बरा, कारण त्याचं उत्तर लेखी आणि जोडपत्रासह येतं. जे तिथेही मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. मंत्रालयाकडे असलेली शहरनिहाय यादी मागा. समितीच्या अंतर्गत कागदांच्या वाटेला जाऊ नका.

समितीची मुदत वर्षाची असल्यामुळे अध्यक्ष बदलू शकतात, तुमचा विषय नव्या यादीत नसूही शकतो. समिती नव्याने बनली की पहिल्याच महिन्यात नव्या सदस्यांना दोन पानांचं पत्र पाठवा: मागच्या अहवालातली कोणती शिफारस पाचव्या प्रकरणात अडकली आहे, तिचं उत्तर कधीपासून येणं बाकी आहे, आणि फेब्रुवारीत अनुदानाच्या मागण्या तपासताना तिच्याबद्दल कोणता एक प्रश्न विचारावा.